कपाटाची किल्ली कोणाकडे?

कॉलेजच्या गेटवर नवं बॅनर लागलं की आमचे शिपाईमामा पहिला प्रश्न विचारतात, "मॅडम, फोटो किती वाजता?" त्यात खोच नसते. खुर्च्या कधी लावायच्या, पंखे कधी सुरू करायचे आणि कोणत्या वर्गातून मुलं उठवून आणायची, हे त्यांना खरंच ठरवायचं असतं. फोटो जिओटॅगचा हवा, कोपऱ्यात अक्षांश-रेखांश आणि वेळ दिसणारा. तो नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या, तपासणीच्या फायलीत लागला की कार्यक्रम झाला. पहिल्या दोन रांगांत आम्ही हुशार मुलं बसवतो, कारण ती मधेच उठून जात नाहीत. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मनोगत, आभार. मग 'सहभाग प्रमाणपत्र' मोबाइलवर येतं. मुलं ते डाउनलोड करून एका फोल्डरमध्ये टाकतात. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने मला तिचं फोल्डर दाखवलं होतं. त्यात एकसष्ट प्रमाणपत्रं होती. "यातलं काय आठवतं?" म्हटल्यावर ती प्रामाणिकपणे हसली.

आता ऑनर्स येतं आहे, म्हणून हे सांगायला बसले. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून पदवीची नवी रचना सुरू झाली. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडा, नाहीतर चौथं वर्ष करून ऑनर्स घ्या. आमच्यासारख्या तालुक्याच्या संलग्न कॉलेजात ऑनर्सचा पहिला वर्ग 2027-28 ला बसेल. बसेल तेव्हा बसेल, पण तयारीच्या बैठका आत्तापासून सुरू आहेत आणि प्रत्येक बैठकीत एक विषय हमखास असतो: ऑनर्सच्या मुलांना कॅम्पसवर 'सहभागाच्या संधी' कोणत्या द्यायच्या? उत्तरंही ठरलेली. क्लब काढू, सप्ताह साजरे करू, क्विझ घेऊ, पाहुणे बोलावू. म्हणजे पुन्हा बॅनर आणि पुन्हा पहिल्या दोन रांगा.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की ऑनर्सच्या विद्यार्थ्याला कार्यक्रम देऊ नका, काम द्या. त्याने केलं नाही तर खरोखर अडेल असं काम. आणि त्या कामाचे पैसे द्या.

यात नवीन काही नाही. मुंबईत 1848 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. निबंध वाचायचे, त्यावर चर्चा करायची, असं तिचं सुरुवातीचं स्वरूप होतं. आजच्या भाषेत एक क्लबच. पण पुढच्याच वर्षी या मंडळींनी मराठी आणि पारशी मुलींसाठी शाळा सुरू केल्या, आणि तिथे शिकवायला कोण होतं? हेच विद्यार्थी. स्वतःचे वर्ग भरायच्या आधी, सकाळच्या वेळी, बिनपगारी. मुली मिळवण्यासाठी घरोघर फिरावं लागे. मुलींना शाळेत पाठवा म्हटल्यावर काही घरांतून पायऱ्यांवरून ढकलून देण्याची धमकी मिळाली, असं दादाभाई नौरोजींनी पुढे सांगितलं आहे. त्या पोरांच्या सहभागाचा जिओटॅग फोटो कुठेही नाही. पण एखादा विद्यार्थी सकाळी गेला नाही तर वर्गभर मुली बसून राहत, आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या दोन-चार येईनाशा होत. हे त्याला ठाऊक असणारच.

दुसरी गोष्ट दक्षिणा फेलोंची. पेशवाईत शास्त्री-पंडितांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमलात हळूहळू कमी होत गेली आणि त्या पैशाचा काही भाग कॉलेजातल्या हुशार विद्यार्थ्यांच्या फेलोशिपकडे वळला. फेलोने स्वतः पुढचं शिकायचं आणि खालच्या वर्गांना शिकवायचं. न्यायमूर्ती रानडे विद्यार्थिदशेतच एल्फिन्स्टनमध्ये कनिष्ठ दक्षिणा फेलो होते, महिना 60 रुपयांवर. 1862 मध्ये ते बी.ए. झाले, ऑनर्सही मिळवलं, पण त्याआधीच हा मुलगा वर्गावर उभा राहत होता. ही व्यवस्था मोजक्या आणि बहुतांशी उच्चवर्णीय मुलांपुरती होती हे उघड आहे. तिचे गोडवे गायचं कारण नाही. पण तिच्यातली एक गोष्ट आपण हरवून बसलो. गुणवंत विद्यार्थी म्हणजे सत्कार करायची वस्तू नव्हे, त्याच्यावर संस्थेने आपला थोडा भार टाकायचा असतो, ही समज तेव्हा होती.

मधल्या काळात आपण नेमकं उलट केलं. 1989 मध्ये मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैमनस्यातून ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. कॉलेजच्या निवडणुकांत पैसा आणि गुंडगिरी शिरली होती, यात शंका नव्हती. उपाय म्हणून 1994 च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद केल्या आणि वर्गप्रतिनिधी म्हणून आधीच्या परीक्षेत गुणवत्तेने पुढे असलेला विद्यार्थी नेमायचं ठरवलं. माझी पिढी या व्यवस्थेत शिकली. आमच्या वर्गाचा सीआर पहिल्या नंबरचा होता, अतिशय गुणी आणि अतिशय मितभाषी. वर्गाच्या वतीने तो वर्षभरात एकदाच प्राचार्यांशी बोलला, तेही प्राचार्यांनी त्याचं अभिनंदन केलं म्हणून. मुलींच्या स्वच्छतागृहाला सहा महिने कडी नव्हती. ते सांगायला आम्हाला शेवटी आमच्या मराठीच्या बाईंना गाठावं लागलं.

त्या कायद्याने दोन पिढ्यांना एक धडा दिला: मार्क मिळवा, पद आपोआप मिळेल, आणि पद मिळालं की काही करायची गरज नाही. 2016 च्या नव्या कायद्याने निवडणुका परत आणल्या. तो मार्च 2017 पासून लागूही झाला. 2019 मध्ये कॉलेजांत हालचाल सुरू झाली, मग पुढे ढकललं, मग कोविड आला. निवडणुकांना घाबरणाऱ्यांची भीती मला कळते. पण वर्गाने निवडून दिलेला प्रतिनिधी आणि गुणपत्रिकेने निवडलेला प्रतिनिधी यांत मी पहिलाच घेईन, तो चौथ्या नंबरचा असला तरी. ऑनर्सच्या मुलांसाठी वेगळी 'विद्यार्थी परिषद' काढावी अशी एक सूचना आमच्या बैठकीत आली होती. ती ऐकून मला त्या सीआरचा चेहरा आठवला.

श्रेयांकांचं, म्हणजे क्रेडिट्सचं बोलू. नव्या रचनेत राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस), एनसीसी, खेळ, सांस्कृतिक उपक्रम, योग या सगळ्यांना सहशालेय विषय म्हणून श्रेयांक मिळतात. याच्या बाजूने चांगलं बोलता येतं. जे काम मुलं आधीपासून करत होती त्याची नोंद झाली, आणि मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाला 'अभ्यास सोडून काय चाललंय' हे ऐकावं लागत नाही. पण गुणांची लालूच आपल्याकडे नवी नाही. एनएसएसच्या दहा वाढीव गुणांसाठी युनिटमध्ये नाव घालणारे आणि शिबिराच्या सातपैकी दोन दिवस दिसणारे आम्ही पूर्वीपासून ओळखतो. एनएसएस 24 सप्टेंबर 1969 ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली, तेव्हा देशभरातल्या 37 विद्यापीठांत मिळून चाळीस हजार विद्यार्थी होते. आज एकेका कॉलेजात श्रेयांकासाठी अख्खा वर्ग आत येतो. वर्षाचे 120 तास भरायचे असतात. कार्यक्रम अधिकाऱ्याने मनापासून ठरवलं तरी तीनशे मुलांना पुरेल इतकं काम त्या गावात असतं कुठे? मग श्रमदानाला एकच रस्ता पाच वर्षं झाडला जातो.

याच्या शेजारी पुण्याचा पुरुषोत्तम करंडक ठेवून पाहा. महाराष्ट्रीय कलोपासकची ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा 1963 पासून सुरू आहे. भरत नाट्य मंदिरातला तो प्रेक्षक आरोळ्या देतो आणि कंटाळा आला तर लपवत नाही. मुलं दोन-दोन महिने रात्री तालमी करतात, भांडतात, संहिता फाडून पुन्हा लिहितात. 2022 मध्ये एकही एकांकिका त्या तोलाची वाटली नाही म्हणून परीक्षकांनी करंडकच दिला नाही. केवढा गदारोळ झाला! त्या निर्णयावर वाद घालता येईल, पण मला त्यात मुलांबद्दलचा आदर दिसला. तुमच्या कामाला 'नाही' म्हणता येतं, म्हणजे ते काम आहे. सहभाग प्रमाणपत्राला कोणी नाही म्हणत नाही.

सहभागाच्या गप्पांत एक माणूस कायम बाहेर राहतो, आणि आमच्या भागात तो बहुसंख्य आहे: एसटीने येणारा. चार दहाची गाडी चुकली तर पुढची साडेसहाला, आणि तीही मुक्कामी नसली तर फाट्यावर उतरून तीन किलोमीटर चालत. विद्यार्थ्यांना एसटीचा पास एक तृतीयांश भाड्यात मिळतो, ही मोठी सोय आहे, पण पास काही गाडीची वेळ बदलत नाही. आमचे सगळे क्लब, सगळ्या तालमी, सगळ्या 'संवाद सत्रां'ची वेळ असते दुपारी चारनंतर. कारण त्याआधी तास असतात आणि त्यानंतर प्राध्यापक मोकळे असतात. परिणामी 'सहभागी विद्यार्थी' म्हणजे गावात राहणारा किंवा ज्याच्या घरी दुचाकी आहे असा. तो पुढे मुलाखतीत सांगतो की मी पाच उपक्रमांचं नेतृत्व केलं, आणि बसवाली मुलगी सांगते की मी फक्त अभ्यास केला. दोघंही खरंच बोलत असतात. कोणत्याही कॉलेजला आपली ऑनर्सची योजना तपासायची असेल तर तिने एवढंच पाहावं, की अकरा ते चारच्या मधे, वेळापत्रकाच्या चौकटीत, त्यातलं किती बसतं.

दुसरा बाहेर राहणारा म्हणजे कमावणारा. महाराष्ट्राला हे परकं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि वसतिगृहातली मुलं विहिरी खणत, शेती करत शिकली. 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेही 'कमवा आणि शिका'च्या पायावर. आज ही योजना राज्यातल्या अनेक विद्यापीठांत आहे. ती नसती तर माझे कितीतरी विद्यार्थी पहिल्या वर्षालाच गळाले असते. पण या मुलांना आपण कामं काय देतो? बागेला पाणी, फायलींवर नंबर, ग्रंथालयात धूळ झटकणं. ती हलकी कामं आहेत म्हणून माझी तक्रार नाही, भाऊरावांच्या राज्यात असं म्हणायची हिंमतही नाही. तक्रार अशी की रसायनशास्त्रात पहिली येणारी मुलगी तास संपल्यावर कार्यालयात पाकिटं चिकटवते, आणि त्याच वेळी शेजारच्या प्रयोगशाळेत द्रावणं तयार करायला माणूस नाही म्हणून पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल रद्द होतं. हे दोन दरवाजे समोरासमोर आहेत.

म्हणून ऑनर्सच्या मुलांसाठी वेगळं काही उभारण्याआधी, कमवा आणि शिकाच्या यादीत विषयातली कामं घाला. पहिल्या वर्षाच्या मुलांची अडलेली गणितं सोडवून देण्याचा रोज एक तास. इंग्रजीच्या भीतीने गळणाऱ्यांचा छोटा गट. प्रयोगशाळेची तयारी. ग्रंथालयातल्या जुन्या मराठी नियतकालिकांची सूची. ती आमच्याकडे तरी आजवर कोणी केलेली नाही आणि दर उन्हाळ्यात वाळवी थोडी थोडी करते आहे. तासाचा दर तोच ठेवा, हरकत नाही. काम बदला.

गावातही अशी कामं पडून आहेत. जैवविविधता कायदा 2002 चा. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि लोक जैवविविधता नोंदवही हवी. गावात कोणती झाडं, कोणते मासे, कोणती रानभाजी, कोण ती ओळखतं, हे सगळं त्यात यायचं. राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली तेव्हा सगळीकडे धावपळ झाली आणि वह्या भरल्या गेल्या. आमच्या शेजारच्या गावाची वही मी पाहिली आहे. त्या गावात समुद्र नाही, पण वहीत बोंबील आहे. आणि टाकळा, जो पावसात तिथल्या प्रत्येक बांधावर उगवतो, तो नाही. वनस्पतिशास्त्राच्या ऑनर्सच्या चार मुलांना दोन पावसाळे द्या, ही वही दुरुस्त होईल. ती मुलं त्याच गावांची आहेत. एसटीने उलट्या दिशेला जायचीही गरज नाही, क्षेत्रकार्य घराच्या मागच्या दारी आहे.

इथे एक जुनी गोष्ट सांगते. आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात एक लोखंडी कपाट आहे. त्यात वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने आहेत, सत्तरच्या दशकात आमच्याच एका निवृत्त सरांनी डोंगर पालथे घालून जमवलेले. किल्ली विभागप्रमुखांच्या ड्रॉवरमध्ये असायची आणि कपाट नॅकच्या भेटीलाच उघडायचं. एका वर्षी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, आत काय आहे ते बघू?" उघडलं तर डांबरगोळ्यांचा वास केव्हाच उडून गेलेला, खालच्या दोन कप्प्यांत कसर लागलेली, कागद हात लावला की भुगा. तिने एक वर काढला. चिठ्ठीवर निळ्या शाईत गावाचं नाव होतं. ते तिचंच गाव होतं. त्या झाडाचं नाव वाचून ती म्हणाली, "हे तर आता नाहीये आमच्याकडे. आजी सांगते होतं म्हणून."

किल्ली तिला द्यावी की नाही यावर विभागात एक आठवडा चर्चा चालली. हरवली तर? नमुने खराब झाले तर? जबाबदार कोण? मी म्हटलं, खराब तर होतच आहेत, कुलपात. शेवटी एक वही घातली. किल्ली घेतली की सही, ठेवली की सही. ती आणि दोघी मैत्रिणी बाराच्या सुट्टीत कपाट उघडायच्या. डबा आधीच्या तासाला मागच्या बाकावर संपवायच्या, ते मला माहीत होतं आणि मी पाहिलं नाही. एका सत्रात त्यांनी तीनशेच्या वर नमुने नव्या कागदांवर चढवले, चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या, जुन्या चिठ्ठ्या फेकल्या नाहीत, शेजारी चिकटवल्या. दोनदा नाव चुकवलं. एकदा एक दुर्मीळ नमुना त्यांच्या हातून तुटला, आणि ती मुलगी येऊन रडली. मला बरं वाटलं, हे तिला तेव्हा सांगितलं नाही. एकसष्ट प्रमाणपत्रांतल्या एकासाठीही कोणी रडलेलं मी पाहिलेलं नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला पालकांचा. ऑनर्स म्हणजे आधीच अभ्यासाचा डोंगर, त्यात हे कशाला? संशोधनासह ऑनर्स करणाऱ्याला तर बारा श्रेयांकांचा प्रकल्प असतो. मान्य, आणि म्हणूनच काम विषयातलं असावं म्हणते. पहिल्या वर्षाला तोच धडा समजावून सांगताना आपल्याला तो किती कळला नव्हता हे कळतं. हा अनुभव प्रत्येक शिक्षकाला पहिल्या महिन्यात येतो, मग विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी का येऊ नये?

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. यातून 'ऑनर्सवाले' नावाची एक वरची जात तयार होईल, चांगली कामं त्यांना आणि झाडू बाकीच्यांना. संशोधनासह ऑनर्सला पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात, म्हणजे दार आधीच अरुंद आहे. कामाच्या दाराला तरी ती अट नको. ज्याला करायचंय त्याने यावं, सहा आठवडे करून दाखवावं, नाही जमलं तर जावं. ऑनर्स न घेता तीन वर्षांनी बाहेर पडणाऱ्या मुलाने पहिल्या वर्षापासून काम करायला हरकत काय? आमच्या त्या तिघींपैकी एक सर्वसाधारण गुणांची होती, पन्नास टक्क्यांच्या आसपास. पण तिचं हस्ताक्षर इतकं नेटकं की चिठ्ठ्या सगळ्या तिनेच लिहिल्या. पन्नास वर्षांनी कोणी ते कपाट उघडेल तेव्हा त्याला तिचंच अक्षर दिसेल.

तिसरा आक्षेप आमचाच, प्राध्यापकांचा, आणि तो बैठकीत कोणी मोठ्याने बोलत नाही. पाहुणे बोलावणं सोपं आहे. मुलाला काम दिलं की ते तपासावं लागतं, रोज. रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, अर्धे लोक तासिका तत्त्वावर आहेत, त्यांना कॉलेजात थांबायचे पैसे मिळत नाहीत. ते का थांबतील? याचं उत्तर माझ्याकडे नाही, ते शासनाकडे आहे. पण जे दहा जण कायम नोकरीत आहेत त्यांनी वर्षाला एकेक कपाट उघडायला हरकत नसावी.

ती मुलगी पुढे एम.एस्सी.ला शहरात गेली. किल्ली परत ड्रॉवरमध्ये गेली नाही, ती विभागाच्या दाराशी खिळ्यावर आहे, वही खाली दोरीने बांधलेली. तिच्यानंतर दोन वर्षं दुसऱ्या मुलांनी सह्या केल्या. यंदा पावसाळा सुरू झाल्यापासून पान कोरं आहे. परवा पहिल्या वर्षाचा एक मुलगा दारात घुटमळत होता. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, याचं सर्टिफिकेट मिळतं का?" नाही म्हटलं. तो गेला. अर्ध्या तासाने पुन्हा आला आणि कपाटात काय आहे ते विचारलं. तेवढ्यात चार वाजले आणि त्याची गाडी होती.